तेहेतीस बटणं

पत्र रोमहून आलं तेव्हा मी बांगडे साफ करत होते.
हात खवल्यांनी भरलेले, म्हणून त्यांनीच फोडलं,
खिडकीपाशी नेऊन दोनदा वाचलं
आणि साखरेच्या डब्याखाली सरकवलं,
विजेचं बिल ठेवतात तसं.

"डिम्फ्ना, मला मॉन्सिन्योर केलंय."
मी म्हटलं, "बरं. चहा ठेवू?"

वय एकोणऐंशी. मेयोच्या या टोकाला
रविवारी चर्चमध्ये अकरा माणसं,
त्यातली दोन नुसती उबेला येणारी.
बिशपना कुणाला तरी काहीतरी द्यायचं होतं, बहुधा.

काळ्या झग्याची जुनी बटणं मीच उसवली.
नवी जांभळी. तेहेतीस, ख्रिस्ताच्या वयाइतकी.
तीन संध्याकाळी गेल्या.
सुईत दोरा ओवताना मी पुटपुटत होते
मॉन्सिन्योर, मॉन्सिन्योर,
गरम बटाटा तोंडात घोळवावा तसं.
एकतीस वर्षांचं 'फादर'
जिभेवरून काही उसवत नव्हतं.

शुक्रवारी आम्ही एर्सिलियाच्या दुकानात गेलो.
तिचे आजोबा इटलीतल्या कुठल्याशा डोंगरगावातून
इथे मासे तळायला आले, ते परत गेलेच नाहीत.
व्हिनेगरची बाटली हातात तशीच धरून ती हसली,
"शब्द आमचा नाही हो, फादर!
आम्हीच तो फ्रेंचांकडून उसना आणला
आणि परत करायचा राहिला.
मॉन म्हणजे माझा. पुढचा सगळा धनी."

"माझा धनी," ते म्हणाले. "अरेरे."
घरापर्यंत पुन्हा बोलले नाहीत.
पुडक्याचं तेल कोटाला लागलं
तेही त्यांना कळलं नाही.

रात्री लॅटिनचा कोश उतरवला, धूळ माझ्या एप्रनला पुसली.
"इकडे ये. धनीबिनी सगळं नंतरचं आहे.
मुळात नुसता वयानं मोठा. थोरला.
थोरल्याला मान, मानाला जमीन,
जमिनीला कुंपण, आणि कुंपण आलं की धनी आलाच.
पण पार तळाशी बघ कोण बसलंय.
म्हातारा!"
कवळी सुटेपर्यंत हसले.
"पोस्टातली पोरगी मला 'सर' म्हणते ना,
तोही हाच, झिजून झिजून
साबणाच्या चिपेएवढा उरलेला.
म्हणजे मी म्हातारा झालो, हे रोमनं तिकिटं लावून कळवलं.
माझ्या गुडघ्यांनी फुकट कळवलं होतं."

ते झोपायला गेले.
मी शेगडीतलं पीट राखेनं झाकत बसले.
शब्दाचं मागलं टोक त्यांनी कुठवर तरी ओढत नेलं होतं.
पुढलं तिथंच पडून होतं, टेबलावर,
चष्म्याच्या रिकाम्या डबीशेजारी.
माझा.

समारंभाला अकराचे दोनशे झाले.
सँडविच कमी पडले, ते मला अजून लागतं.
रांग लावून एकेकानं त्यांचा हात हातात घेतला
आणि तो शब्द म्हटला.
कौन्सिलरनं म्हटला, फोटोकडे बघत.
भावाचं प्रेत समुद्रानं परत न दिलेला तो पॅड्रिक गिल्डी,
जो सहा वर्षं चर्चच्या दारातूनच मागे फिरत होता,
त्यानं आत येऊन म्हटला, टोपी चुरगाळत.
माझा, माझा, माझा,
आणि कुणाच्याच ध्यानात नाही.

मी शेवटची. हातात चहाचा ट्रे.
जीभ अडखळेल अशी भीती होती. अडखळली नाही.
बिशपांसमोर, दोनशे माणसांसमोर,
एकतीस वर्षं मागच्या खोलीत झोपणाऱ्या मी
स्वच्छ, मोठ्यानं म्हटलं.
कुणी मान वळवून पाहिलं नाही.

त्यांनी पाहिलं.
कोश त्यांनीच तर वाचला होता.
शेवटचं बटण, गळ्याजवळचं, जरा सैल होतं,
त्यावर त्यांचा हात गेला.

"साखर दोन चमचे," ते म्हणाले,
जसं काही मला ठाऊक नव्हतं.